दूरच्या अग्नीचा धूर

आकाशातील अंतरे मोजण्याच्या विद्येत आमच्या पूर्वजांनी अंशाचे साठ भाग करून त्यांस कला म्हटले, कलेचे साठ भाग करून त्यांस विकला म्हटले, आणि तेथेही न थांबता विकलेच्या साठाव्या भागास प्रतिविकला असे नाव देऊन ठेवले. पंचांगाची पाने चाळणाऱ्या वाचकांस यांतील पहिली दोन नावे परिचित असतील. तिसरे गणिताच्या ग्रंथांतच राहिले. कारण नुसत्या डोळ्यांनी एका कलेहून बारीक असे काही वेगळे करून पाहणे मनुष्यास साधत नाही. हाती येण्यापूर्वीच मापाला नाव देऊन ठेवण्याचा हा प्रकार आम्हांस नेहमीच मोठा गोड वाटत आला आहे. बाळ जन्मण्यापूर्वी बारशाची तयारी करावी, तसा.

आज त्या प्रतिविकलेच्याही चौथ्या हिश्शाइतके सूक्ष्म पाहणारे साधन पृथ्वीवर आहे. ते डोळ्याने पाहत नाही, रेडिओच्या लहरींनी पाहते; आणि ज्या वस्तूंकडे ते वळविले जाते त्यांतील काहींपासून निघालेला संदेश येथे पोहोचण्यास विश्वाच्या वयाचा बहुतेक सारा काळ खर्ची पडलेला आहे. या वस्तूंस क्वेसार म्हणतात. त्यांच्याविषयी, आणि त्यांच्यावरून आमचा एका विद्वान मित्राशी जो वाद झाला त्याविषयी, येथे लिहावयाचे आहे.

सूक्ष्म पाहणे म्हणजे काय, हे देवळाच्या दीपमाळेवरून चांगले समजते. त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री दूरच्या टेकडीवरून पाहावे तर सारी दीपमाळ ही एकच ज्योत भासते. उतरून जवळ यावे तसतसे मजले सुटे होतात, मग पणत्या सुट्या होतात. हिशेब असा की, हातभर अंतरावर ठेवलेल्या दोन पणत्या सुमारे दीड किलोमीटरवरून आपल्या डोळ्यांस एकच दिसू लागतात. तेथे त्यांच्यातील अंतर एक कला भरते. दीपमाळेच्या जवळ जाता येते. क्वेसारच्या जवळ जाता येत नाही. मग उपाय एकच उरतो, आणि तो म्हणजे डोळा मोठा करणे.

परंतु रेडिओच्या लहरी प्रकाशलहरींपेक्षा लाखो पटींनी लांब असतात आणि तेवढ्याच प्रमाणात डोळा मोठा लागतो. अठरा सेंटीमीटर लांबीच्या लहरीने पाहावयाचे असेल तर पंचवीस मीटर व्यासाच्या तबकडीस पौर्णिमेच्या चंद्राएवढा आकाशाचा तुकडा हा एकच ठिपका वाटतो. केवळ मानवी डोळ्याची बरोबरी करावयाची तरी तबकडी सहाशे मीटर रुंद हवी! मोठेपणातून सूक्ष्मता साधते हे तत्त्व मात्र आमच्या देशास नवे नव्हे. सवाई जयसिंहाने पितळेची यंत्रे झिजतात, डळमळतात म्हणून दगडचुन्याची अवाढव्य यंत्रे उभारली. उज्जैनची त्याची वेधशाळा १९२३ साली ग्वाल्हेर दरबारने दुरुस्त करविली, हे माळव्यातील वाचकांस सांगावयास नको.

तबकडी वाढविता येईना तेव्हा रेडिओ-ज्योतिष्यांनी प्रथम चंद्राचा आश्रय केला. चंद्रबिंब एखाद्या ताऱ्यावरून सरकते तेव्हा तारा झाकला जातो; यास आपण पिधान म्हणतो. चंद्राची कड आकाशात कोणत्या क्षणी कोठे असेल हे गणिताने अचूक ठाऊक असते. तेव्हा रेडिओचा आवाज ज्या क्षणी बंद पडला आणि ज्या क्षणी पुन्हा सुरू झाला ते क्षण टिपले की तो आवाज कोठून येत होता हे निश्चित होते. दिनांक ५ ऑगस्ट १९६२ रोजी ऑस्ट्रेलियातील पार्क्स येथील चौसष्ट मीटरच्या तबकडीने ‘३ सी २७३’ नावाच्या उगमाचे असे पिधान टिपले. सिरिल हॅझर्ड व त्यांचे सहकारी यांस आढळले की उगम एक नसून दोन आहेत, आणि त्यांच्यात सुमारे वीस विकलांचे अंतर आहे. त्यांतील एकाच्या जागी एक निळसर, अंधुक तारा होता. दुसऱ्याच्या जागी त्या ताऱ्यापासून निघालेल्या एका पुसट रेषेचे टोक होते. पुढे पालोमारच्या दोनशे इंची दुर्बिणीने मार्टेन श्मिट यांनी त्या ताऱ्याचा वर्णपट घेतला आणि १९६३ च्या फेब्रुवारीत त्यांच्या ध्यानात आले की त्यातील अनोळखी रेषा ह्या हायड्रोजनच्याच परिचित रेषा असून सोळा टक्क्यांनी तांबड्याकडे सरकलेल्या आहेत. तारा समजलेली ती वस्तू दोनशे कोटी प्रकाशवर्षांहून दूर निघाली. १९६४ साली होंग-यी च्यू यांनी अशा तारकासदृश वस्तूंस क्वेसार हे नाव दिले.

चंद्राच्या या युक्तीसाठीच आमच्या देशात एक दुर्बीण बांधली गेली, हे आमच्या सुशिक्षित मंडळींपैकी फार थोड्यांस ठाऊक आहे याचे आम्हांस वाईट वाटते. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांनी निलगिरीत उटीजवळ असा एक डोंगरउतार शोधून काढला की त्याचा कल तेथील अक्षांशाएवढाच, म्हणजे अकरा अंशांचा होता. त्यावर पाचशे तीस मीटर लांब व तीस मीटर रुंद दुर्बीण मांडली की तिचा आस पृथ्वीच्या आसाशी आपोआप समांतर होतो आणि एकाच आसाभोवती ती फिरविली की चंद्राचा कित्येक तास पाठलाग करता येतो. १९७० साली ती सुरू झाली. शेकडो उगमांची पिधाने तिने टिपली आणि १९७५ साली स्वरूप व विजय कपाही यांनी त्यांवरून असे दाखविले की दूरचे, म्हणजे जुन्या काळचे उगम हे जवळच्या उगमांसारखे नाहीत. विश्व बदलत आले आहे.

हा निष्कर्ष सर्वांस रुचला असे नाही. आमच्या मराठीचे भूषण असलेले डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) हे फ्रेड हॉइल यांच्याबरोबर अनादि, अनंत, सदासर्वकाळ सारख्याच दिसणाऱ्या विश्वाचे प्रतिपादन करीत आले होते, आणि उटीची निरीक्षणे या मतास प्रतिकूल होती. पुढे त्यांनी आपले मत सुधारून मांडले, परंतु महास्फोटाचा सिद्धान्त शेवटपर्यंत स्वीकारला नाही. स्वरूपांची संस्था आणि नारळीकरांची संस्था पुणे विद्यापीठाच्या आवारात शेजारी-शेजारी उभ्या आहेत. तज्ज्ञांतील बहुमत नारळीकरांच्या बाजूचे नाही. तरीही निरीक्षणाने आपल्या मतास धक्का दिला असता त्या निरीक्षणास खोटे न म्हणता आपल्या मतास त्याच्यासमोर पुन्हा पुन्हा उभे करणे, ही शास्त्रार्थाची जुनी रीत या पुरुषाने पाळली असे आम्ही मानतो.

चंद्र मात्र आपल्या ठरीव वाटेनेच जातो आणि त्या वाटेबाहेरचे आकाश त्यास झाकता येत नाही. यापुढची युक्ती अधिक धीट होती. दोन तबकड्या एकमेकींपासून दूर ठेवून त्यांनी एकाच वेळी एकाच उगमाकडे पाहावे, आणि दोघींनी टिपलेल्या लहरी नंतर एकमेकींशी ताडून पाहाव्यात. म्हणजे सूक्ष्मतेपुरते पाहता, दोघींमधील अंतराएवढी रुंद एकच तबकडी असल्याचा लाभ होतो. १९६७ साली कॅनडात सुमारे तीन हजार किलोमीटरच्या अंतरावरील दोन तबकड्यांनी हा प्रयोग सिद्ध केला. तारेने जोडणे शक्य नव्हते. दोन्ही ठिकाणी टेलिव्हिजनच्या स्टुडिओतल्यासारख्या फितींवर लहरी नोंदल्या, प्रत्येक नोंदीवर अणुघड्याळाची वेळ उमटविली, आणि मागाहून फिती एकत्र आणून जुळविल्या. यांतील खरे मर्म घड्याळात आहे. लाखो वर्षांत एका सेकंदाचाही फरक पडू नये इतके ते इमानी नसेल तर दोन नोंदी कधी जुळतच नाहीत. १९९३ साली अमेरिकेत पुरे झालेले दहा तबकड्यांचे जाळे हवाई बेटापासून कॅरिबियन समुद्रातील सेंट क्रॉई बेटापर्यंत पसरले असून त्याची कमाल लांबी ८,६०० किलोमीटर आहे. अठरा सेंटीमीटरच्या लहरीने ते जे पाहते ते पणजीत उभे राहून मुंबईतील तुळशीच्या माळेचा एक टपोरा मणी पाहण्यासारखे आहे.

गेल्या चातुर्मासात एका संध्याकाळी आरती झाल्यावर सभामंडपात बसून हे सर्व आम्ही शास्त्रीबुवांस सांगितले. शास्त्रीबुवा घरात कोकणी, देवळात मराठी आणि वादात संस्कृत वापरणारे गृहस्थ आहेत. तरुणपणी त्यांनी न्यायशास्त्राचे अध्ययन केले होते, आणि ऐंशीच्या घरात आले तरी ती धार गेलेली नाही. त्यांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले व एवढेच विचारले, “कोणें पळयलां?”

कोणी पाहिले आहे? प्रश्न साधा, पण उत्तर देऊ जाता आम्ही थोडे थबकलो. कारण खरोखरच ते कोणी पाहिलेले नाही. दहा तबकड्या म्हणजे ८,६०० किलोमीटरचा सलग डोळा नव्हे. त्या विशाल डोळ्याचे ते दहा ठिपके होत. पृथ्वी फिरते तसे हे ठिपके उगमाच्या दृष्टीने जागा बदलतात आणि रात्रभरात पुष्कळशी जागा व्यापतात. तरीही मधे रिकामे पुष्कळच उरते. रांगोळीचे ठिपके काढून झाले आहेत, रेषा गणिताने ओढावयाच्या आहेत, असा तो प्रकार असतो. हे सारे आम्ही काहीही न लपविता सांगितले.

“म्हणजे मास्तर, हे प्रत्यक्ष नव्हे,” शास्त्रीबुवा म्हणाले. “तुम्ही ते सांगता आणि आम्ही ऐकतो, म्हणून आमच्यापुरते शब्दप्रमाण. आणि ज्यांनी काढले त्यांच्यापुरते अनुमान.”

आम्ही म्हणालो, “शास्त्रीबुवा, अनुमानच. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे. क्वेसारच्या पोटी सूर्याच्या कोट्यवधी पट वस्तुमानाचे कृष्णविवर असते. त्यात पडणारा वायू भोवऱ्यासारखा फिरून तापतो, आणि त्यातील काही अंश दोन विरुद्ध दिशांना जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने बाहेर फेकला जातो. रेडिओने दिसतो तो हा झोत. झोत हा धूर आणि विवर हा अग्नी.”

यावर त्यांनी जो आक्षेप घेतला तो कोणत्याही विद्यापीठात शोभला असता. ते म्हणाले, धुरावरून अग्नीचे अनुमान चालते. कारण स्वयंपाकघरात चुलीपाशी धूर आणि अग्नी दोन्ही आपण एकत्र पाहिलेले असतात. साहचर्य कोठेतरी पाहिल्यावाचून व्याप्ती सिद्ध होत नाही. “तर मग मास्तर, तुमची चूल कोठे आहे?”

आम्ही या प्रश्नाची वाटच पाहत होतो असे म्हणावयास हरकत नाही. चूल आहे. ‘३ सी २७३’ आकाशात ज्या कन्या तारकासमूहात आहे त्यातच, त्याच्या उत्तरेस सुमारे दहा अंशांवर, एम ८७ नावाची दीर्घिका आहे. ती अवघी साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. तिच्या मध्यातून निघालेली एक सरळ रेषा हेबर कर्टिस यांनी १९१८ सालीच साध्या छायाचित्रात पाहून ठेवली होती. तो झोत होय. एप्रिल २०१९ मध्ये पृथ्वीभर पसरलेल्या दुर्बिणींच्या एका जाळ्याने त्याच मध्यातील कृष्णविवराच्या छायेभोवतीचे तेजोवलय दाखविले. विवराचे वस्तुमान सूर्याच्या साडेसहाशे कोटी पट भरले. आणि २०२३ साली साडेतीन मिलिमीटरच्या लहरीने घेतलेल्या एका चित्रात वलय आणि झोत ही दोन्ही एकत्र आली. धूर अग्नीपासून निघताना दिसला.

शास्त्रीबुवांनी मान हलविली, पण सोडले नाही. “तुमची चूल आजची आहे. डोंगर सृष्टीच्या पहिल्या प्रहरीचा आहे. तेव्हाचा धूर असाच होता, हे कशावरून?”

आमच्या समजुतीप्रमाणे सर्वांत दूरच्या क्वेसारांकडे सर्वांत सूक्ष्म नजरेने पाहण्याचे खरे प्रयोजन हेच आहे. केवळ दूरचे पाहिल्याची फुशारकी हा काही त्याचा हेतू नव्हे. त्या धुराचा आकार पाहून तो चुलीवरच्या धुराशी ताडता यावा, एवढ्यासाठी तो खटाटोप आहे.

‘जे १४२७+३३१२’ या क्वेसारचे उदाहरण घ्या. त्याच्या लहरी येथे पोहोचेपर्यंत सातपटीहून किंचित अधिक ताणल्या गेलेल्या आहेत. त्या निघाल्या तेव्हा १३८० कोटी वर्षे वयाचे आजचे विश्व अवघे नव्वद कोटी वर्षांचे होते. युरोपातील तबकड्यांच्या जाळ्याने एका गटाने, आणि अमेरिकेतील दहा तबकड्यांनी दुसऱ्या गटाने त्याचे निरीक्षण केले. दोघांचे लेख २००८ साली प्रसिद्ध झाले. दोघांनाही एक ठिपका न दिसता दोन दिसले, आणि त्यांच्यातील अंतर साडेपाचशे प्रकाशवर्षांच्या आसपास भरले. तबकड्या वेगळ्या, माणसे वेगळी, रांगोळी मात्र एकच! शास्त्रीबुवांच्या शब्दप्रमाणाच्या आक्षेपास यापरते उत्तर आम्हांस सुचत नाही. आता असे जुळे ठिपके जवळच्या विश्वातही आढळतात आणि ते नुकत्याच पेटलेल्या विवराचे दोन बाजूंचे झोत मानले जातात. तोच न्याय येथे लावला तर त्या क्वेसारचे ते ज्वलन आपल्याला दिसते त्या क्षणी अवघे काही हजार वर्षांचे होते. विश्वाच्या मापाने ती चूल नुकतीच फुंकलेली होती.

‘पी ३५२–१५’ हा २०१८ साली उजेडात आलेला क्वेसार याहून तेजस्वी, आणि याहून अडचणीचाही. अमेरिकन जाळ्याने त्यात एका रेषेत मांडलेले ठिपके दाखविले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे पाच हजार प्रकाशवर्षे. पण त्यांतील विवराची जागा कोणती? ती टोकाशी असेल तर आपल्याला एकच झोत दिसतो आहे. मध्ये असेल तर दोन. निरीक्षकांनी दोन्ही शक्यता लिहून ठेवल्या आणि निवाडा केला नाही. त्यांचा हा संयम आम्हांस त्या चित्राहूनही आवडला, हे सांगितलेच पाहिजे. कारण आमच्या सभांतून हल्ली दोन शक्यतांपैकी अधिक टाळ्या मिळविणारी शक्यता सत्य म्हणून सांगण्याची प्रथा पडत चालली आहे. अग्न्यस्त्रापासून विमानापर्यंत सर्व काही आमच्या पोथ्यांत सापडते असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी पूर्वजांनी निर्माण केलेली न्यायाची शिस्त तेवढी पोथीतच राहू दिली, याचा शास्त्रीबुवांस आमच्याहून अधिक राग येतो.

दूरचा धूर जवळच्या धुरासारखाच असेल असे मानू नये याचे एक सबळ कारणही आहे. महास्फोटानंतरचे शिळे तेज आजही सर्व आकाश व्यापून मंद रेडिओलहरींच्या रूपाने उरले आहे. लहरी सातपट ताणल्या जाण्यापूर्वीच्या त्या काळी हे तेज सातच्या चतुर्घाताइतके, म्हणजे सुमारे २,४०० पट दाट होते. झोतातील विद्युत्कण त्या दाट तेजाशी टकरावून आपली शक्ती क्ष-किरणांच्या रूपाने घालवून बसतात, आणि रेडिओने तेजस्वी दिसावयाचे ते अंधुक होतात. २०२१ साली चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीने ‘पी ३५२–१५’ पासून सुमारे एक लक्ष साठ हजार प्रकाशवर्षांवर, रेडिओ-झोताच्याच दिशेस, क्ष-किरणांचा एक डाग टिपला तो या अपेक्षेशी जुळणारा आहे. म्हणजे धूर दूरवर गेलेला होता, परंतु त्याचा रंग बदललेला होता.

शिवाय अतिसूक्ष्म नजरेस एक शाप आहे. दूरदूर मांडलेल्या तबकड्यांस आटोपशीर, घट्ट ठिपके तेवढे दिसतात. विस्तीर्ण आणि विरळ असे जे काही असेल ते त्यांच्यातून गळून जाते. आमच्या खारव्यांच्या जाळ्यातून लहान मासळी निसटते, या जाळ्यातून मोठी! म्हणूनच २०२५ सालच्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झालेल्या एका शोधाचे विशेष. नेदरलँड्समध्ये केंद्र असलेल्या व युरोपभर पसरलेल्या लोफार या दुर्बिणीने मीटरभराहून लांब लहरी वापरून ‘जे १६०१+३१०२’ या क्वेसारचा झोत दाखविला. त्याची लांबी निदान दोन लक्ष प्रकाशवर्षे आहे, आणि विश्व तेव्हा सुमारे १२० कोटी वर्षांचे होते. त्यामागचे विवर मात्र सूर्याच्या पंचेचाळीस कोटी पट, म्हणजे या जातीत मध्यमच. फार मोठ्या धुरासाठी फार मोठी चूल लागतेच असे दिसत नाही.

आमच्या देशातही लांब लहरींचे असे एक साधन आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे स्वरूपांनीच उभारलेल्या पंचेचाळीस मीटरच्या तीस तबकड्या पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. एका विज्ञानदिनी, २८ फेब्रुवारीस, सर्वांसाठी दारे उघडी असताना आम्ही तेथे गेलो होतो. तबकड्या पत्र्याच्या नव्हेत, पोलादी तारांच्या जाळीच्या आहेत. त्यांतून पलीकडचे आकाश दिसते. द्राक्षमळ्यांच्या अवतीभवती त्या सर्व एकाच दिशेस तोंड करून उभ्या होत्या. थोड्या वेळाने पाहतो तो सर्वांची तोंडे किंचित वळलेली. वळताना मात्र कोणी पाहिले नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये यांहूनही दूरचा एक क्वेसार जाहीर झाला. ‘जे ०४१०–०१३९’ याच्या लहरी आठपट ताणलेल्या आहेत, आणि विश्वाचे वय तेव्हा ऐंशी कोटी वर्षांहूनही कमी होते. याचा झोत नेमका आपल्याकडे रोखलेला आहे. असा योग क्वचितच येतो. अंधारात शंभर माणसे हाती विजेऱ्या घेऊन वाटेल तिकडे तोंड करून उभी असली तर आपल्या डोळ्यांत एखाद्याचीच विजेरी चमकेल. परंतु ती चमकली यावरूनच इतरही पुष्कळ उभी आहेत हे समजते. सत्तर कोटी सूर्यांएवढे विवर इतक्या थोड्या काळात वाढले कसे, हा प्रश्न आता एका अपवादाचा राहिलेला नाही. त्याचे उत्तर आज कोणाजवळ नाही.

आता राहिला ‘जे १४२७+३३१२’ चे दोन ठिपके खरोखरच एकमेकांपासून दूर जात आहेत की नाहीत, हा मुद्दा. तेथील एका वर्षाच्या घडामोडी आपल्याला सात वर्षांत उलगडताना दिसतात, कारण लहरींबरोबर काळही ताणला गेला आहे. आम्ही पाटीवर ढोबळ हिशेब मांडून पाहिला. ठिपके जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने दुरावत असले, आणि एका ठिपक्याच्या रुंदीचा दहावा भाग मोजता आला, तरी त्यांतील वाढ जाणविण्यास पन्नास-साठ वर्षे लागतील. वेग त्याहून कमी असेल तर शंभराच्या वर. शास्त्रीबुवांनी पाटी जवळ ओढून घेऊन आकडे तपासले आणि खाली, आपल्या सवयीप्रमाणे, शके व तिथी लिहून ठेवली.